सातभाईंची भाऊबंदकी

सकाळी शाळेला जाताना रस्त्याकडेच्या झाडाखाली पाचोळा उलथापालथा करणारे सात-आठ मातकट पक्षी तुम्ही नक्कीच पाहिले असतील. एक उडाला की त्याच्यामागून दुसरा, दुसऱ्यामागून तिसरा, आणि सगळ्यांचा मिळून एकच कलकलाट. हेच आपले सातभाई. कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठापासून विद्यापीठाच्या माळापर्यंत ते कोठेही भेटतात. हिंदीत त्यांना 'सात बहनें' म्हणतात आणि इंग्रजीतही त्यांचे नाव 'सात बहिणी' असेच आहे. भाऊ की बहिणी हा वाद आपण सोडून देऊ. पण हे एका घरचे पक्षी आहेत, एवढे तिन्ही भाषांनी ओळखले आहे. ते खरेही आहे. एका जोडीच्या पिलांना भरवायला थव्यातले इतरही धावतात.

काही दिवसांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थी दोन पुस्तके घेऊन माझ्याकडे आला. एक होते सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्या दहा खंडांच्या प्रसिद्ध ग्रंथातील जुना खंड. त्यात रान सातभाईचे शास्त्रीय नाव 'टर्डॉइडिस स्ट्रायाटस' असे दिले होते. दुसरे पुस्तक नवे होते. त्यात त्याच पक्ष्याचे नाव होते 'आर्ग्या स्ट्रायाटा'. त्याने विचारले, "सर, पक्षी तोच, चित्रही तसेच. मग आडनाव कसे बदलले? यांतले चूक कोणते?"

मी पदार्थविज्ञान शिकवतो. 'हा प्रश्न जीवशास्त्राच्या सरांना विचार' असे सांगून मोकळे होता आले असते. पण उत्तर शोधू लागलो तेव्हा त्यात चक्क तापमापी निघाली, म्हणून हा लेख.

नावातली दोन पदे

स्वीडनचा शास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली प्राण्यांना दोन पदांची नावे देण्याची पद्धत रूढ केली. त्यांतील दुसरे पद जातीचे आणि पहिले प्रजातीचे. जवळच्या नात्यातील जाती मिळून एक प्रजाती होते, अनेक प्रजातींचे एक कुल होते आणि अनेक कुलांचा एक गण. पहिले पद म्हणजे जणू आडनाव. आडनाव एक असेल तर भाऊबंद असावेत, असा त्याचा अर्थ.

आता आपल्याच मुलखातील एक उदाहरण घेऊ. विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी होता. दख्खनची पाहणी करण्याच्या सरकारी कामावर असताना त्याने येथील पक्षीही गोळा केले आणि १८३२ साली लंडनमध्ये त्यांची यादी प्रसिद्ध केली. माळावर व शेतांच्या कडेला राहणाऱ्या, लांब शेपटीच्या राखी सातभाईला त्याने नाव दिले 'टिमालिया माल्कमी'. हा माल्कम म्हणजे १८२७ ते १८३० या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला जॉन माल्कम. महाबळेश्वरची माल्कमपेठ त्याच्याच नावाची.

पुढे या पक्ष्याचे काय झाले पहा. साइक्सने त्याला टिमालिया म्हटले. १८८९ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील पक्ष्यांवर ओट्स याने लिहिलेल्या ग्रंथात तो 'आर्ग्या माल्कमी' झाला. सलीम अलींच्या ग्रंथात तो 'टर्डॉइडिस माल्कमी' होता आणि २०१८ नंतर पुन्हा 'आर्ग्या माल्कमी'. माल्कम जागचा हलला नाही, आडनाव मात्र फिरत राहिले. यात एक मर्म आहे. 'हा पक्षी वेगळा आहे' हे साइक्सचे निरीक्षण पक्के होते. 'तो कोणाचा भाऊबंद आहे' याचे उत्तर मात्र प्रत्येक पिढीने आपापल्या पुराव्यानुसार दिले.

कुल की अडगळीची खोली?

सातभाईंचे जे मोठे कुल जुन्या पुस्तकांत दिसते, त्यात कोण कोण होते? दाजीपूरच्या जंगलात झुडपांआडून साद घालणारा, तलवारीसारख्या वाकड्या पिवळ्या चोचीचा पक्षी त्यात होता. जमिनीवर पाला चाळणारा, छातीवर ठिपक्यांच्या रेघा असलेला छोटा पक्षी होता. गवतात राहणारा, डोळ्यांभोवती नारिंगी कडे असलेला पक्षी होता. दक्षिणेच्या डोंगरांत माणूस हसल्यासारखा आवाज करणारे 'लाफिंगथ्रश' होते. हिमालयातले शेपूट नसल्यासारखे दिसणारे अंगठ्याएवढे पक्षीही त्यातच होते. फ्रेंच पक्षितज्ज्ञ देलाकूर याने १९४६ साली या पसाऱ्याची नीट मांडणी करण्याचा मोठा प्रयत्न केला. सलीम अलींच्या ग्रंथात तर हा सगळा गोतावळा माशीमार पक्ष्यांच्या विशाल कुलातील एक उपकुल म्हणून आला आहे. ज्या पक्ष्याची सोय दुसरीकडे कोठे लागत नाही त्याला सातभाईंत टाकावे, असे पक्षितज्ज्ञ आपसांत विनोदाने म्हणत. घरात एक अडगळीची खोली असते ना, तसे हे कुल होते.

हा त्या अभ्यासकांचा आळस नव्हता. त्यांच्याजवळ पुरावा होता तो चोच, पाय, पंख, पिसांचा रंग, घरटे आणि आवाज यांचा. आणि हा पुरावा कधी कधी फसवतो.

रूप फसवते ते असे

उन्हाळ्याच्या शेवटी 'पेरते व्हा, पेरते व्हा' असे ओरडणारा पावशा तुम्हाला ठाऊक आहे. तो कोकिळेच्या नात्यातला. तो स्वतः घरटे बांधत नाही, सातभाईच्या घरट्यात अंडे घालतो. चातकही तेच करतो. सातभाईचे अंडे सुरेख निळे असते. पावशाचे आणि चातकाचे अंडेही निळेच. केवळ अंड्यांच्या रंगावरून नाते ठरवायचे म्हटले, तर पावशा आणि सातभाई सख्खे भाऊ ठरतील! प्रत्यक्षात ती पिढ्यान् पिढ्या घडत गेलेली नक्कल आहे. ज्या पावशाचे अंडे घरधन्याच्या अंड्याहून वेगळे दिसले ते बाहेर फेकले गेले, मिळतेजुळते दिसले ते उबवले गेले.

नक्कल नसतानाही साम्य येते. दाट झुडपात जमिनीवर किडे शोधणाऱ्या पक्ष्याला आखूड गोल पंख आणि दणकट पाय सोयीचे. मग तो कोणत्याही घराण्यातला असो, हजारो पिढ्यांत त्याचे रूप त्याच वळणावर जाते. पैलवानकी करणाऱ्या दोन माणसांचे कान सारखे चेपलेले असतात, म्हणून ते काही भाऊ होत नाहीत. साम्य दोन प्रकारचे असते. एक वारशाने आलेले, दुसरे धंद्याने आलेले. वर्गीकरणाला हवे असते ते पहिले. डोळ्यांना मात्र दोन्ही सारखीच दिसतात.

मग वारसा ओळखायचा कसा? आपल्या भागात पूर्वी हेळवी येत असे. दारात बसून तो वहीतून घराण्याची वंशावळ वाचून दाखवी. तुमच्या आजोबांनी तो पाहिला असेल. कोणाचा चेहरा कोणासारखा आहे हे हेळवी पाहत नसे, तो वही पाही. पक्ष्यांच्याही प्रत्येक पेशीत अशी एक वही असते. तिचे नाव डीएनए.

तापमापीने मोजलेले नाते

वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ साली दाखवून दिले की डीएनएचा रेणू पिळलेल्या दोरखंडासारखा, दोन धाग्यांचा असतो. त्यावर चार घटक ओळीने मांडलेले असतात. ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन व सायटोसीन अशी त्यांची नावे. आपण त्यांना अ, थ, ग, स अशी अक्षरे मानू. एका धाग्यावरील 'अ' समोर दुसऱ्यावर नेहमी 'थ' येतो आणि 'ग' समोर 'स'. या जोड्या दुबळ्या हायड्रोजन बंधांनी धरलेल्या असतात. 'अ-थ' जोडीत दोन बंध, 'ग-स' जोडीत तीन.

आता पदार्थविज्ञान सुरू होते. हा रेणू पाण्यात तापवला की उष्णतेच्या हालचालीने बंध तुटतात आणि दोन्ही धागे सुटे होतात. हळूहळू थंड केले की ते पुन्हा जुळतात. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे चार्ल्स सिब्ली आणि त्यांचे सहकारी जॉन अल्क्विस्ट यांनी याचाच उपयोग केला. एका पक्ष्याचे सुटे धागे किरणोत्सारी अणूंनी खुणावून घ्यायचे. ते दुसऱ्या पक्ष्याच्या सुट्या धाग्यांत मिसळायचे. मग एक धागा याचा व एक त्याचा असे मिश्र दोरखंड तयार होतात. जेथे अक्षरे जुळत नाहीत तेथे बंध बसत नाहीत, म्हणून असा दोरखंड जरा कच्चा असतो. तो कमी तापमानाला सुटतो. दर वेळी अडीच अंशांनी तापमान वाढवीत जायचे आणि किती धागे सुटले ते किरणोत्सारावरून मोजायचे.

ढोबळ मानाने सांगायचे तर सुटण्याचे तापमान एका अंशाने उतरले म्हणजे अक्षरांत सुमारे एक टक्का फरक आहे, असे समजतात. तापमान जितके खाली येईल तितके नाते दूरचे. त्यांनी सुमारे १७०० जातींवर हे प्रयोग केले आणि १९९० साली त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात सातभाईंचा गोतावळा माशीमारांपासून दूर गेला आणि युरोपातील 'सिल्व्हिया' नावाच्या गाणाऱ्या वटवट्यांच्या शेजारी येऊन बसला. पक्षितज्ज्ञांना हा मोठाच धक्का होता.

या पद्धतीची एक मर्यादा होती. तिच्यातून मिळे तो फक्त एक आकडा. वहीचे वजन करण्यासारखेच ते होते. वही वाचायची राहूनच गेली होती.

वही वाचताना

फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ साली डीएनएवरील अक्षरे क्रमाने वाचण्याची सोपी रीत दिली. १९८३ साली कॅरी मुलिस यांनी थोड्याशा डीएनएच्या लाखो प्रती काढण्याची युक्ती शोधली. त्यामुळे रक्ताचा एक थेंब पुरू लागला. संग्रहालयात शंभर वर्षांपूर्वी पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्याच्या तळपायाची इवलीशी कातडीदेखील पुरते. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली. तिच्या संग्रहातील हजारो पक्ष्यांचे मोल त्यामुळे आणखी वाढले.

वाचलेल्या अक्षरांतून नाते कसे काढतात? याचे उत्तम उदाहरण पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचे काम १९१९ साली हाती घेतले आणि १९६६ साली ते पुरे केले. त्यासाठी १२५९ हस्तलिखिते पाहण्यात आली. नकलाकाराकडून चूक झाली की त्या पोथीवरून उतरवलेल्या सर्व पोथ्यांत तीच चूक उतरते. म्हणून ज्या पोथ्यांत समान चुका, त्या एका मूळ पोथीच्या वंशातल्या. डीएनएची नक्कलही पिढ्यान् पिढ्या होत असते आणि क्वचित एखादे अक्षर बदलते. ती चूक पुढच्या सर्व वारसांत उतरते.

आता तुम्हीच करून पहा. पुढील चार ओळी मी केवळ सरावासाठी रचल्या आहेत.

पहिला पक्षी : अ थ ग स अ अ थ ग स थ अ ग
दुसरा पक्षी : अ थ ग स अ ग थ ग स थ अ ग
तिसरा पक्षी : अ स ग स अ अ थ अ स थ ग ग
चौथा पक्षी : अ स ग स थ अ थ अ स थ ग ग

प्रत्येक जोडीत किती ठिकाणी फरक आहे ते मोजा. पहिला व दुसरा यांत १. तिसरा व चौथा यांत १. पहिला व तिसरा यांत ३, पहिला व चौथा यांत ४, दुसरा व तिसरा यांत ४, दुसरा व चौथा यांत ५. आता वंशवृक्ष काढा. पहिला-दुसरा ही एक जोडी आणि तिसरा-चौथा ही दुसरी, हे तुमच्या लगेच लक्षात येईल. समजा, पहिला व तिसरा रंगाने राखी आहेत आणि दुसरा व चौथा तांबूस. डोळ्यांनी जोड्या लावल्या असत्या तर त्या चुकल्या असत्या.

प्रत्यक्षात बारा अक्षरांवर भागत नाही. पक्ष्यांत 'सायटोक्रोम बी' नावाचे एकच जनुक ११४३ अक्षरांचे असते, आणि अशी अनेक जनुके वाचावी लागतात. त्याचे कारणही समजून घ्या. सायटोक्रोम बी हे जनुक पेशीतील तंतुकणिकेत असते आणि तंतुकणिका केवळ आईकडून येते. नुसत्या आजोळच्या कागदावरून घराण्याचा निवाडा करू नये. म्हणून केंद्रकातील जनुकेही तपासतात. शिवाय एकच अक्षर दोनदा बदलून पुन्हा मूळ पदावर येऊ शकते. आणखी एक गोष्ट म्हणजे, झाडाचे मूळ कोणत्या बाजूला आहे हे कळण्यासाठी या चौघांच्या नात्याबाहेरचा एक पाचवा पक्षी तुलनेला घ्यावा लागतो. अक्षरे भरपूर असली आणि निरनिराळी जनुके एकच साक्ष देऊ लागली, म्हणजे निष्कर्षावर भरवसा ठेवता येतो.

अडगळीची खोली उघडली

जिनिव्हाच्या ॲलिस सिबोआ यांनी २००३ साली सातभाईंच्या तंतुकणिकेतील जनुकांचा वंशवृक्ष प्रसिद्ध केला. त्यातून एक गंमत समोर आली. आपल्या परसातल्या झाडांवर 'ची-ची' करीत हिंडणारा, डोळ्याभोवती पांढरे कडे असलेला, हिरवट पिवळा चष्मेवाला तुम्ही पाहिला आहे ना? त्याला कोणीच सातभाईंत गणले नव्हते. तो आणि त्याचे भाऊबंद या वृक्षाच्या आतल्याच एका फांदीवर निघाले! उलट काही पक्षी खोलीत उगाच बसले होते. हिमालयात राहणाऱ्या एका ठिपकेदार इवल्या पक्ष्याला शंभराहून अधिक वर्षे सातभाईंचा आप्त मानले होते. २०१४ साली असे दिसले की तो साऱ्यांपासून फार पूर्वी फुटलेल्या एका घराण्याचा एकटाच उरलेला वारस आहे. त्याला आता स्वतंत्र कुल दिले आहे.

पुढे २०१९ साली अनेक देशांतील अभ्यासकांनी मिळून या साऱ्या समूहातील सुमारे साडेचारशे जातींपैकी चारशेंची जनुके एकत्र मांडली आणि त्यांची सात कुले सुचवली. आपल्या सह्याद्रीतल्या पक्ष्यांपुरते पाहू. वाकड्या चोचीचा पक्षी जुन्याच टिमालिया कुलात राहिला. पाला चाळणारा ठिपकेदार छातीचा पक्षी वेगळ्या कुलात गेला. नारिंगी कडे असलेल्या डोळ्यांचा पक्षी पोपटासारख्या जाड चोचीच्या आशियाई पक्ष्यांच्या कुलात गेला. चष्मेवाल्याचे कुल स्वतंत्र, पण याच वृक्षावरचे. आपले सातभाई आणि हसऱ्या आवाजाचे लाफिंगथ्रश मिळून आणखी एक कुल झाले. त्याचे नाव लायोथ्रिकिडी.

आता आडनावाकडे येऊ. सलीम अलींच्या काळी भारतातले आणि आफ्रिकेतले सातभाई एकाच 'टर्डॉइडिस' प्रजातीत होते. २०१८ साली सिबोआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लायोथ्रिकिडी कुलाचा तपशीलवार वृक्ष मांडला. त्यात या सातभाईंच्या दोन ठळक फांद्या दिसल्या. एका फांदीवर फक्त आफ्रिकेतील पक्षी होते. रूप वेगळे म्हणून आजवर निराळ्या प्रजातींत ठेवलेले आफ्रिकेच्या अरण्यातले काही पक्षीही त्याच फांदीवर निघाले. दुसऱ्या फांदीवर आपला रान सातभाई, राखी सातभाई, शेतातला सडपातळ रेघाळ सातभाई आणि दक्षिण भारताबाहेर जगात कोठेही न आढळणारा तांबूस सातभाई हे होते. त्यांच्याच बरोबर अरबस्तानच्या वाळवंटातला आणि उत्तर आफ्रिकेतला सातभाईही होता. पहिल्या फांदीकडे टर्डॉइडिस हे नाव राहिले. दुसरीसाठी नवे नाव शोधावे लागले नाही. फ्रेंच निसर्गवैज्ञानिक लेसाँ याने १८३१ साली दिलेले आणि पुढे मागे पडलेले 'आर्ग्या' हे नाव तयारच होते. तेच पुन्हा वापरात आणले.

पालघाटच्या दोन बाजू

तुम्ही म्हणाल, नाव टर्डॉइडिस असो की आर्ग्या, सातभाईला त्याचे काय? सातभाईला काही नाही. पण सह्याद्रीच्याच दक्षिण टोकाला काही पक्षी असे आहेत, की त्यांचे पुढचे भवितव्य अशा नोंदींवर अवलंबून आहे.

केरळ आणि तमिळनाडूत सह्याद्रीच्या उंच माथ्यांवर, सुमारे १४०० मीटरच्या वर, शोला नावाची थंड हवेतील वने आहेत. खालच्या उष्ण प्रदेशातून वर आलेली ही जणू बेटेच. त्यांच्यामध्ये पालघाटची खिंड आहे. ती ३०-४० किलोमीटर रुंद आहे. तेथे सह्याद्रीची भिंत जवळजवळ जमिनीपर्यंत खाली उतरते. या माथ्यांवर जे लाफिंगथ्रश राहतात त्यांत काहींची छाती राखी, तर निलगिरीतल्यांची तांबूस. जुन्या पुस्तकांनी छातीचा रंग पाहून दोन जाती केल्या. निलगिरीतील तांबूस छातीची एक. राखी छातीची दुसरी, आणि ती पालघाटच्या दोन्ही बाजूंना पसरलेली.

व्ही. व्ही. रॉबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पक्ष्यांची जनुके, मापे, रंग आणि गाणी एकत्र तपासून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खिंडीच्या उत्तरेकडील वायनाडच्या बाणासुर डोंगराजवळचा राखी छातीचा पक्षी हा दक्षिणेकडील राखी पक्ष्यांचा सख्खा नव्हेच. तो शेजारच्या निलगिरीतील तांबूस पक्ष्याचा भाऊ. नाते छातीच्या रंगाने ठरले नव्हते, खिंडीने ठरले होते. आपण मघाशी चार ओळींवर केलेला सराव आठवतो ना? तेच येथे घडले होते. आता या चार जाती मानल्या जातात. त्यांच्यासाठी 'माँटेसिंक्ला' ही नवी प्रजाती केली आहे. त्याच अभ्यासातून तेथील निळ्या रंगाच्या लहान पक्ष्यांसाठी 'शोलिकोला' ही दुसरी नवी प्रजाती निघाली.

आता हिशेब पहा. जुन्या नोंदीप्रमाणे राखी छातीची जात अनेक डोंगरांवर होती. बाणासुरच्या माथ्यावरचा पक्षी नाहीसा झाला असता तरी 'जात शिल्लक आहे, एका ठिकाणची कमी झाली' एवढेच लिहिले गेले असते. नव्या नोंदीप्रमाणे तो पक्षी जगात फक्त त्या मोजक्या माथ्यांवर आहे. तेथील शोला वन तुटले तर ती जात पृथ्वीवरून जाईल. म्हणूनच तिची गणना आज संकटग्रस्त जातींत होते. ज्याची वेगळी नोंद नाही त्याचे जाणेही नोंदले जात नाही. आपले राधानगरीचे अभयारण्य २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आले. हा वारसा म्हणजे नेमका कोणाचा, हे सांगण्यासाठी आधी वारसांची यादी अचूक असावी लागते.

फांद्या निसर्गाच्या, कप्पे आपले

येथे एक सावधगिरी हवी. कोणती फांदी कोठे फुटली हा निसर्गात घडलेला इतिहास आहे. तो आपण शोधून काढतो. पण किती फांद्या मिळून एक प्रजाती म्हणायची, किती प्रजातींचे एक कुल करायचे, हे आपण आपसांत ठरवलेले असते. टर्डॉइडिस आणि आर्ग्या या फांद्यांना एकच मोठे आडनाव देणेही नियमाला धरून झाले असते. नियम इतकाच, की एका कप्प्यात एका पूर्वजाचे सगळे वारस यावेत, आणि परका कोणी नसावा. भावांची वाटणी कशी करायची ते घर ठरवील, पण जो भाऊ आहे त्याला वंशावळीतून वगळता येत नाही. त्यामुळे उद्या आणखी जनुके वाचून झाल्यावर एखादे नाव पुन्हा बदलले तर गोंधळून जाऊ नका. बदल फांदीत झाला की कप्प्यात, एवढे विचारा.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. जुने पुस्तक निष्काळजीपणे लिहिलेले नाही. हाती असलेल्या पुराव्यावर त्याने सर्वांत चांगले उत्तर दिले होते. शास्त्रीय नाव ही नुसती चिठ्ठी नसते, ते नात्याविषयीचे विधान असते. विधान तपासता येते, आणि तपासल्यावर चुकीचे निघू शकते. न्यूटनच्या नियमांइतकीच ही गोष्ट तुमच्या जीवशास्त्राच्या पुस्तकालाही लागू आहे.

जाता जाता थोडा गृहपाठ. महिनाभर रोज एकाच वेळी, एकाच जागेवर सातभाईंचा थवा पहा. थव्यात किती पक्षी आहेत ते मोजा. ते मोजताना खरोखर सातच निघतात का तेही पहा. शेपटी लांब आणि कडांना पांढरी दिसली तर तो माल्कमी असेल. उन्हाळ्याच्या अखेरीस पावशा ओरडू लागला की थव्यातील मोठे पक्षी एखाद्या परक्या पिलाला भरवताना दिसतात का, यावर लक्ष ठेवा. तारीख, वेळ, जागा आणि संख्या वहीत लिहा. शिक्षकांनी वर्गात वरच्या चार ओळी फळ्यावर मांडून मुलांकडून वंशवृक्ष काढून घ्यावा, मग एखादे अक्षर बदलून निकाल कसा फिरतो तेही दाखवावे.

साइक्सनेही एवढेच केले होते. दख्खनच्या माळावर थांबून पाहिले, मोजले आणि लिहून ठेवले. आडनाव बदलत गेले, पण त्याची नोंद जवळजवळ दोनशे वर्षे टिकली.